संपर्काचे व्याकरण : अमान्सिओ डिसिल्वा यांचे गिटारवादन

१

दोन भाषा दीर्घकाळ शेजारी नांदू लागल्या म्हणजे त्यांच्यांत देवघेव सुरू होते, आणि या देवघेवीचा प्रारंभ सामान्यतः शब्दांपासून होतो. मराठीने पोर्तुगीजांकडून 'चावी', 'साबण', 'पगार', 'बटाटा' हे शब्द घेतले. आज ते इतके घरचे झाले आहेत की, त्यांचे मूळ सांगितल्यावर विद्यार्थ्यांना नवल वाटते. परंतु या शब्दांमुळे मराठी भाषेच्या घडणीत काही फरक पडला असे म्हणता येत नाही. 'चावीने', 'पगारातून', 'बटाट्याची' अशी रूपे मराठीने आपल्याच नियमांनी सिद्ध केली. पाहुणा घरात आला. त्याने घराची रीत पत्करली.

याहून निराळा असा एक प्रकार नागपूरकरांच्या नित्य कानावर पडतो. 'तो काय करीत आहे?' या प्रमाण मराठीतील प्रश्नाऐवजी नागपूरकडील बोलीत 'तो काय करून राहिला?' असे विचारले जाते. या वाक्यात परभाषेतला एकही शब्द नाही. 'करून' मराठी, 'राहिला' मराठी. असे असूनही वाक्याची घडण हिंदीतील 'कर रहा है' या रचनेची आहे. शब्द घरचे आणि त्यांची जुळणी शेजारची, असा हा व्यवहार होय. शिवाय ही जुळणी अगदी शून्यातून आलेली नाही. 'वाट पाहत राहिला' यासारखे प्रयोग मराठीत पूर्वीपासून होते. त्या आधारावर शेजारच्या भाषेतील रचनेला येथे पाय रोवता आले.

उरिएल वाइनराइख यांनी १९५३ साली भाषासंपर्काचा जो व्यवस्थित विचार मांडला, त्यात शब्दसंग्रह, व्याकरण व उच्चार या पातळ्यांवरील परिणाम वेगवेगळे तपासले पाहिजेत, हा आग्रह होता. एमेनो यांनी १९५६ साली हिंदुस्थान हे एक 'भाषिक क्षेत्र' आहे असे प्रतिपादन केले, तेही मुख्यत्वे रचनेतील साम्यांच्या आधारे. पुढे १९७१ साली गम्पर्झ आणि विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील मराठी, कन्नड व उर्दू यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील स्थानिक बोलींत शब्द आपापले राहिले आहेत, परंतु वाक्यांची ठेवण बहुतांशी एक झाली आहे, असे त्यांना आढळले. संपर्काचा खोल परिणाम शब्दांत दिसेलच असे नाही, हा या सर्व विवेचनाचा इत्यर्थ आहे.

संगीतात 'फ्यूजन' या नावाने जे ओळखले जाते, त्याच्या समीक्षेत हा विवेक क्वचितच पाळला जातो. सतारीशेजारी सॅक्सोफोन ठेवला आणि तबल्याशेजारी ड्रम ठेवले की 'मिलाफ' झाला, असे गृहीत धरण्यात येते. आणि जेथे सतार व तबला दिसत नाहीत तेथे मिलाफ नाही, असाही निष्कर्ष नकळत काढला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याने एका मोठ्या कलावंतावर अन्याय झाला आहे. तो कलावंत म्हणजे मुंबईत १९३६ साली जन्मलेले, गोमंतकीय वंशाचे जॅझ-गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा होत. त्यांच्या १९६९ मधील दोन ध्वनिमुद्रिकांचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रथम पार्श्वभूमी पाहिली पाहिजे. जॅझ आणि हिंदुस्थानी संगीत यांना एकत्र आणण्याचा पहिला मोठा जाणीवपूर्वक प्रयत्न लंडनमध्ये झाला. कलकत्त्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरिअट यांनी एक 'दुहेरी पंचक' उभे केले. त्यात एका बाजूस जॅझचे वादक, तर दुसऱ्या बाजूस सतार, तबला, तंबोरा इत्यादींचे वादक होते. 'इंडो-जॅझ स्वीट' ही १९६६ ची, आणि 'इंडो-जॅझ फ्यूजन्स' ही १९६७ ची त्यांची ध्वनिमुद्रिका. 'फ्यूजन' हा शब्द जॅझ आणि रॉक यांच्या मिश्रणाला रूढपणे लावला जाण्याच्या आधीच या ध्वनिमुद्रिकेच्या नावात तो आला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या संचात तबल्यावर केशव साठे आणि तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर होते. म्हणजे 'फ्यूजन' या संज्ञेच्या जन्मकाळी आपल्याकडची ही दोन नावे तेथे हजर होती; मराठी संगीतलेखनात मात्र त्यांची नोंद अपवादानेच सापडते.

मेयर यांच्या रचनांचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. परंतु त्यांची घडण तपासली तर ती मुख्यत्वे शेजारशेजारच्या नांदण्याची आहे. रागाचे स्वर आधी लिहून काढलेले. त्यांच्या चौकटीत एकदा सतार बोलते, एकदा सॅक्सोफोन बोलतो. एकाचे वाक्य संपले की दुसऱ्याचे सुरू होते. भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे द्वैभाषिक संभाषण आहे. दोन्ही भाषा शुद्ध राहतात, आणि श्रोत्याला कोणत्या क्षणी कोणती भाषा चालू आहे हे वाद्याच्या नादावरून तत्काळ कळते. मिलाफ कानाला चटकन जाणवतो, याचे कारण त्यातील सांधे उघडे आहेत.

याच्या नेमके उलट उदाहरण त्याच सुमारास हिंदुस्थानात घडले. ब्रिजभूषण काब्रा यांनी हवाई गिटार आडवी ठेवून तिच्या तारांवर पोलादी कांब सरकवीत राग वाजविले, आणि १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा यांचे संतूर व हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी यांच्या बरोबरीने ती गिटार घरोघर पोहोचली. येथे वाद्य परदेशी असले तरी व्याकरण संपूर्णपणे हिंदुस्थानी आहे. ही गिटार 'चावी' किंवा 'बटाटा' या शब्दांसारखी आहे. व्हायोलिन आणि हार्मोनियम यांच्या बाबतीत हीच गोष्ट यापूर्वी घडली होती. कांब सरकवून वाजविल्यामुळे पडद्यांचा अडसरच नाहीसा होतो, आणि मींड हवी तशी घेता येते.

३

उभी धरून, पडद्यांवर बोटे दाबून वाजविण्याची विद्युत्-गिटार ही याहून अवघड गोष्ट आहे. तिच्या दांडीवर अर्ध्या स्वराच्या अंतराने धातूचे पडदे पक्के बसविलेले असतात. ते सतारीच्या पडद्यांसारखे उंच व वक्र नसल्यामुळे तार बाजूला ओढण्यास वाव थोडा मिळतो. सतारीवर एकाच पडद्यावरून चार-पाच स्वरांपर्यंतची मींड काढता येते. गिटारीवर सामान्यतः एखाद-दीड स्वराच्या पलीकडे जाणे कष्टाचे असते. तार ओढून स्वर चढविता येतो, उतरविता येत नाही. उतरती मींड हवी असेल तर तार आधी ओढून ठेवून मग सैल सोडावी लागते. शिवाय जॅझमध्ये या वाद्याचे परंपरागत काम कॉर्ड देण्याचे, म्हणजे अनेक स्वर एकदम वाजवून स्वरसंहतीचा आधार देण्याचे होते.

विद्युत्-जोडणीने या वाद्याला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे आवाज. १९३९ साली बेनी गुडमन यांच्या संचात दाखल झालेल्या चार्ली ख्रिश्चन यांनी ध्वनिवर्धकाच्या साहाय्याने गिटारीला सॅक्सोफोनच्या तोडीची एकस्वरी, एकामागून एक स्वर मांडीत जाणारी वाणी मिळवून दिली. दुसरी गोष्ट म्हणजे आस. छेडलेल्या तारेचा नाद क्षणात विरतो. ध्वनिवर्धकामुळे तो विरत असतानाही ऐकू येत राहतो. हिंदुस्थानी संगीताच्या दृष्टीने ही दुसरी देणगी अधिक मोलाची होय, कारण आस असल्याखेरीज मींडेला अर्थ नाही. स्वर जिवंत असतानाच तो हलविता येतो.

विद्युत्-गिटारीवर हिंदुस्थानी आणि जॅझ या दोन संगीतांचा संपर्क घडवावयाचा, तर तो कोणत्या पातळीवर घडवावयाचा, हा प्रश्न १९६० नंतरच्या दशकात उभा होता तो असा.

४

डिसिल्वा ज्या परंपरेतून आले ती गोमंतकीय ख्रिस्ती संगीतकारांची होय. पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या शाळांतून गावोगावच्या मुलांना स्वरलिपी वाचण्याचे, गाण्याचे आणि व्हायोलिन वाजविण्याचे शिक्षण मिळे. या शिक्षणाच्या बळावर गोमंतकीय वादकांच्या पिढ्या मुंबईस आल्या आणि तेथील हॉटेलांतील नृत्यवृंद, जॅझचे संच व चित्रपटांचे वाद्यवृंद यांचा कणा बनल्या. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा ही नावे चित्रपटसंगीताच्या अभ्यासकांना परिचित आहेत. अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली मुंबईत मोठा वाद्यवृंद उभारून रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या होत्या. हिंदुस्थानी संगीत या मंडळींच्या कानांवर रोज पडत होते, परंतु त्यांची पहिली भाषा ते नव्हते. ती एक शेजारची भाषा होती, मुंबईच्या चाळींतून व ध्वनिमुद्रणगृहांतून ऐकून आत्मसात झालेली.

डिसिल्वा यांनी मुंबईत जॅझ आत्मसात केला, आणि १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते लंडनला गेले. तेथे निर्माते डेनिस प्रेस्टन यांच्यासाठी त्यांनी १९६९ साली 'इंटिग्रेशन' ही ध्वनिमुद्रिका केली. या मुद्रिकेत ट्रंपेटवर इयन कार, सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, बासवर डेव्ह ग्रीन आणि ड्रमवर ट्रेव्हर टॉमकिन्स आहेत. हे चौघेही त्या काळी गाजत असलेल्या रेंडेल-कार पंचकातील वादक होत. या मुद्रिकेत सतार नाही, तबला नाही, तंबोराही नाही. वाद्ये सर्व जॅझची आहेत. म्हणजे शब्दसंग्रहाच्या पातळीवर परभाषेतून काहीही घेतलेले नाही. मग या मुद्रिकेला 'एकात्मीकरण' असे नाव कशाच्या बळावर दिले गेले?

उत्तर संचाच्या घडणीपासूनच मिळू लागते. रेंडेल-कार पंचकात पियानो होता. 'इंटिग्रेशन'मध्ये तो नाही. पियानो असता तर दर दोन-चार मात्रांना त्याने कॉर्ड बदलून दिली असती, आणि प्रत्येक वादकाला त्या बदलत्या कॉर्डांच्या मागोमाग जावे लागले असते. पियानो नसल्यामुळे ती जबाबदारी एकट्या गिटारीवर आली, आणि डिसिल्वा यांनी ती मोठ्या प्रमाणावर नाकारली. 'गँजेस', 'जयपूर', 'महाराणी' या रचनांत मुख्य धून गिटार आणि सुषिरवाद्ये एकाच रेषेत मांडतात. कॉर्डांच्या साखळीपेक्षा एका आधारस्वराभोवती फिरणाऱ्या स्वरसमूहावर तिची मदार असते. गिटार कॉर्ड देण्याऐवजी धून बोलते; आधार देते तेव्हाही तो पुष्कळदा मोकळ्या तारेवर घोळत राहिलेल्या स्वराचा, म्हणजे तंबोऱ्याच्या जातीचा असतो.

आता येथे एक आक्षेप संभवतो. एकाच स्वरसमूहावर दीर्घकाळ थांबण्याची रीत जॅझमध्ये आधीच आली होती. माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्ल्यू' १९५९ ची. जॉन कोल्ट्रेन यांनी १९६१ साली 'इंडिया' या नावाचीच रचना ध्वनिमुद्रित केली. मग डिसिल्वा यांनी नवीन ते काय केले? आक्षेप योग्य आहे, परंतु त्यातूनच मुद्दा अधिक स्पष्ट होतो. 'करून राहिला' ही रचना नागपूरकडील मराठीत रुजली, कारण तिला टेकण्यासाठी मराठीत आधीच एक जागा होती. त्याचप्रमाणे जॅझने स्वतःच्या गरजेतून निर्माण केलेली ही मोकळी जागा डिसिल्वा यांनी हेरली आणि तेथे शेजारच्या संगीताची रचना रोवली. कोल्ट्रेन यांच्यासाठी हिंदुस्थानी संगीत हे दूरचे क्षितिज होते. डिसिल्वा यांच्यासाठी ते मुंबईच्या रस्त्यावरचे होते.

ही रचना त्यांच्या एकल वादनात विशेष प्रतीत होते. त्या काळचा जॅझ-गिटारवादक एकल वादनात बहुधा कॉर्डांचे स्वर उलगडून दाखवीत पुढे जात असे. त्याचे वाक्य पुढच्या कॉर्डेकडे ओढ घेणारे असे. डिसिल्वा यांचे वाक्य एखाद्या स्वराशी थांबते, त्याला कण लावून पुन्हा उच्चारते, खालून घसीट घेऊन त्याच स्वरावर येते, आणि मग किंचित विस्तार करून परतते. त्यांचा नाद स्वच्छ आहे; ध्वनिवर्धक फाटेपर्यंत चढविण्याची त्या काळातील रॉकवादकांची रीत त्यांनी स्वीकारली नाही. मींडही ते संयमाने वापरतात. वाद्याची जी मर्यादा वर सांगितली ती त्यांनी मान्य केली आणि सतारीची नक्कल करण्याचा मोह टाळला. वाद्याचा उच्चार जॅझ-गिटारीचाच ठेवून वाक्यरचना मात्र बदलावयाची, हा त्यांचा मार्ग होता.

५

त्याच वर्षी ध्वनिमुद्रित झालेली 'हम दोनो' ही या मार्गावरची पुढील पायरी होय. तिचे 'दोन' म्हणजे डिसिल्वा आणि जो हॅरिअट. ट्रंपेटवर इयन कार, बासवर डेव्ह ग्रीन, ड्रमवर ब्रायन स्प्रिंग, आणि काही ठिकाणी नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दविरहित कंठस्वर असा हा संच आहे. येथेही पियानो नाही आणि हिंदुस्थानी वाद्ये नाहीत. हॅरिअट हे मेयर यांच्या दुहेरी पंचकातून आलेले, म्हणजे सतारीला उत्तर देण्याची सवय झालेले वादक. येथे त्यांच्यासमोर सतार नाही, त्यांच्याच वाद्यकुलातील गिटार आहे. फक्त ती वेगळ्या व्याकरणाने बोलते. दोघांचेही मूळ वसाहतींत, दोघेही साम्राज्याच्या राजधानीत परके, आणि दोघेही जॅझ ही आपलीच भाषा मानणारे. हिंदी नाव इंग्रजी मुद्रिकेवर मिरविण्यात जेवढा नखरा असावा असे वाटते तेवढा येथे नाही.

'जयपूर' ही रचना दोन्ही मुद्रिकांत आहे. ग्रंथसंपादकाला दोन पोथ्या हाती लागाव्यात तसा हा समीक्षकाचा लाभ होय. एका पाठात रेंडेल यांचा सॅक्सोफोन आहे, दुसऱ्यात हॅरिअट यांचा, ड्रमवादकही निराळा. दोन्ही सॅक्सोफोनवादकांची बोलण्याची ढब भिन्न आहे. तरीही रचनेची ठेवण दोन्ही ठिकाणी तीच राहते आणि दोघांनाही आपल्या वळणाने वागावयास लावते. यावरून असे दिसून येते की, येथील हिंदुस्थानीपण हे एखाद्या वादकाच्या उच्चाराची लकब नाही. ते रचनेतच आहे. व्याकरण म्हणतात ते हेच. बोलणारा बदलला तरी ते टिकते.

परंतु दोष सांगणेही आवश्यक आहे. पहिला दोष नावांचा. 'गँजेस', 'जयपूर', 'महाराणी' ही नावे लंडनच्या दुकानात शोभणारी आहेत. चित्रमय, राजवाड्यांचा हिंदुस्थान तेथे विकला जात होता, आणि गिरगाव, माझगाव किंवा म्हापसा विकले जात नव्हते. ज्या जगाचे डिसिल्वा खरोखर होते, त्याचा उच्चार 'हम दोनो'मधील 'बॅलड फॉर गोवा' या रचनेच्या नावात प्रथम होतो, आणि पुढे 'कोकण डान्स' या मुद्रिकेच्या नावात. ही दुसरी मुद्रिका १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी ध्वनिमुद्रित होऊनही तीन दशकांहून अधिक काळ अप्रकाशित राहिली. राजवाड्यांना ग्राहक मिळाला, कोकणाला मिळाला नाही, हा योगायोग बोलका आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर असून तो तालाचा आहे. स्वररचनेत जे साधले ते लयीत साधलेले नाही. ड्रम बहुतांशी जॅझच्याच चालीने चालतात. आवर्तन, समेची ओढ, तिहाईने समेवर येण्याचा आनंद यांतले काही रचनेच्या गाभ्यात उतरलेले नाही. म्हणून डिसिल्वा यांचे एकल वादन विस्तारते, परंतु बढत पावत नाही. आलापाच्या वळणाने सुरू झालेले वाक्य समेच्या अभावी मध्येच थांबल्यासारखे वाटते. १९७२ च्या 'ड्रीम सीक्वेन्स' या मुद्रिकेत त्यांनी 'कॉस्मिक आय' या नावाच्या संचासह सतार व तबला यांना जवळ केले. ही उणीव त्यांनाही जाणवली असावी, असे अनुमान त्यावरून करता येईल. मात्र बाहेरून वाद्ये आणून ती भरून काढताना मिलाफ पुन्हा शब्दसंग्रहाच्या पातळीवर उतरला.

६

ज्या १९६९ साली डिसिल्वा यांच्या या मुद्रिका झाल्या, त्याच वर्षी आणि त्याच शहरात जॉन मॅक्लॉफ्लिन या सत्तावीस वर्षांच्या गिटारवादकाने 'एक्स्ट्रापोलेशन' ही आपली पहिली मुद्रिका केली आणि तो अमेरिकेला गेला. पुढे फ्यूजन-गिटारीचा इतिहास म्हणून जे लिहिले गेले, ते बव्हंशी मॅक्लॉफ्लिन यांच्या नावाभोवती. म्हणून तुलना अपरिहार्य आहे.

त्यांच्या 'महाविष्णु ऑर्केस्ट्रा'च्या 'द इनर माउंटिंग फ्लेम' (१९७१) आणि 'बर्ड्स ऑफ फायर' (१९७३) या मुद्रिकांत विद्युत्-गिटारीची शक्ती पुरेपूर वापरली आहे. ध्वनिवर्धक इतका चढविला आहे की नाद फाटतो, आणि त्यामुळे आस लांबून छेडलेला स्वर गजाने ओढलेल्या स्वरासारखा टिकतो. गिटार व व्हायोलिन एकाच रेषेत अतिद्रुत धावतात. 'बर्ड्स ऑफ फायर'च्या शीर्षकरचनेत अठरा मात्रांचे गट आहेत. म्हणजे डिसिल्वा यांनी जो तालाचा प्रश्न सोडून दिला होता, तो येथे हाती घेतलेला आहे.

परंतु निर्णायक पाऊल पडले ते 'शक्ती' या संचात. १९७५ साली ध्वनिमुद्रित होऊन पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या मुद्रिकेत मॅक्लॉफ्लिन यांच्यासह एल. शंकर यांचे व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला आणि विक्कू विनायकराम यांचा घटम् आहे. मॅक्लॉफ्लिन यांनी वीणेचे धडे घेतले होते. गिटारीवर वीणेची गमके निघत नाहीत हे कळल्यावर त्यांनी वाद्यच बदलले. या संचासाठी बनविलेल्या गिटारीच्या दांडीवर दोन पडद्यांमधील लाकूड खोलगट कोरून काढले होते. त्यामुळे बोटाने तार खोल दाबून किंवा बाजूला ओढून स्वर वळविणे सुकर झाले. शिवाय देहावर तिरप्या बसविलेल्या जादा तारा तरफांप्रमाणे झंकारत. ही गिटार विद्युत् नव्हती; परंतु असेच कोरलेले पडदे त्यांनी पुढे विद्युत्-गिटारीवरही करवून घेतले. भाषेच्या परिभाषेत याला उच्चारशुद्धी म्हणता येईल. परभाषा बोलावयाची तर तिच्या भाषकासारखी बोलावयाची, आणि त्यासाठी जीभसुद्धा नव्याने घडवावयाची.

या सिद्धीची किंमत मात्र द्यावी लागली. 'शक्ती'च्या संगीतात जॅझची स्वरसंहती जवळजवळ लोपते. ताल, राग, गमक, सवाल-जबाब हे सर्व हिंदुस्थानचे, त्यातही विशेषतः दाक्षिणात्य. गिटारवादक त्या भाषेत पाहुणा म्हणून नव्हे, तर नागरिक म्हणून वावरतो, ही त्याची थोरवी. परंतु दोन भाषांचे अभिसरण होण्याऐवजी एक भाषा दुसरीत विलीन झाली, असेच तेथे म्हणावे लागते. त्या विलीनीकरणाला जगाने दाद दिली. 'शक्ती'ची परंपरा 'रिमेंबर शक्ती'च्या रूपाने चालू राहिली. २००१ साली प्रसिद्ध झालेली 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' ही तिची मुद्रिका मुंबईतील मैफलींवर आधारलेली आहे. २०२३ च्या 'धिस मोमेंट' या मुद्रिकेस २०२४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्या मुद्रिकेत मुंबईचे शंकर महादेवन गायले आहेत, आणि डिसेंबर २०२४ मध्ये दिवंगत झालेले झाकीर हुसेन तीत तबल्यावर आहेत.

यावरून तीन मार्ग स्पष्ट होतात. मेयर यांनी शब्द शेजारी ठेवले, मॅक्लॉफ्लिन यांनी उच्चार आत्मसात केला, आणि डिसिल्वा यांनी वाक्यरचना बदलली. तांत्रिक कौशल्याच्या दृष्टीने दुसरा मार्ग सर्वांत अवघड, आणि त्याचा मान त्याला मिळालाच पाहिजे. परंतु दोन संगीतांपैकी एकालाही न गमावता तिसरी बोली निर्माण होण्याची शक्यता ज्या मार्गात सर्वाधिक होती, तो डिसिल्वा यांचा होय. तालाच्या अंगाने तो अपुरा राहिला; तो पुरा करणारी परंपरा त्यांच्यामागे उभी राहिली नाही.

७

अशी परंपरा का उभी राहिली नाही, याचे एक उत्तर लंडनमध्ये शोधता येईल आणि दुसरे येथेच, महाराष्ट्रात. या मुद्रिका इंग्लंडमध्ये थोड्या काळात दुर्मिळ झाल्या आणि पुढे कित्येक वर्षे त्या फक्त संग्राहकांच्या कपाटांत राहिल्या. डिसिल्वा १९९६ साली लंडनमध्ये निवर्तले; त्यांच्या मुद्रिकांचे पुनःप्रकाशन बहुतांशी त्यानंतरचे आहे. हा व्यापाराचा भाग झाला.

विचाराचा भाग याहून महत्त्वाचा आहे. गोमंतकाने महाराष्ट्राला काय दिले याचा हिशेब मराठी संगीतलेखनात मोठ्या अभिमानाने मांडला जातो. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर ही नावे त्यात येतात आणि यावयासच हवीत. परंतु त्याच गोमंतकातून, त्याच दशकांत, त्याच मुंबईत आलेल्या दुसऱ्या प्रवाहाला या हिशेबात स्थान नाही. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेला वादक हा 'पाश्चात्त्य' ठरतो; त्याची सेवा चित्रपटांच्या पडद्याआड घेतली जाते, आणि त्याने स्वतंत्र कला निर्माण केली तर तिचा अभ्यास हे आपले काम नव्हे असे समजले जाते. याउलट जॅझचे इतिहासकार त्याच्याकडे 'हिंदुस्थानी' म्हणून पाहतात, आणि सतार नसल्यामुळे तो त्यांना पुरेसा हिंदुस्थानीही वाटत नाही. दोन भाषांच्या मधोमध उभे राहून बोलणाऱ्याला दोन्ही बाजूंचे कोशकार वगळतात, हा भाषाभ्यासकांना परिचित असलेला प्रकार आहे.

बोलीविषयीचा असाच एक पूर्वग्रह या विदर्भात दीर्घकाळ नांदला आहे. 'करून राहिला' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचे वाक्य शिक्षक तांबड्या शाईने दुरुस्त करतो, ते अशुद्ध मराठी किंवा अर्धवट हिंदी समजून. वस्तुतः ते यांपैकी काहीच नसते. दोन भाषांच्या सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या समाजाने आपल्या सोयीने घडविलेली ती सुस्थिर रचना असते, आणि तिचे नियम शोधणे हेच अभ्यासकाचे काम असते. डिसिल्वा यांच्या दोन मुद्रिकांकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. त्यांत सतार शोधू नये आणि ती सापडली नाही म्हणून निराशही होऊ नये. गिटारीचे एखादे वाक्य घ्यावे. ते कोणत्या स्वराशी थांबते, कोठून परतते, आधार कशाचा घेते हे तपासावे. मग पियानोच्या रिकाम्या जागेकडे लक्ष द्यावे, आणि 'जयपूर'चे दोन्ही पाठ एकामागून एक ऐकावेत. 'गँजेस' आणि 'महाराणी' यांच्याविषयी मतभेद उरतील; तालाविषयी वर केलेली तक्रारही कोणी खोडून काढील. परंतु हे काम मराठीत सुरू व्हावयास हवे, कारण 'कोकण डान्स' हे नाव वाचून कोकण म्हणजे काय हे ज्यांना समजावून सांगावे लागत नाही, असे वाचक प्रामुख्याने मराठी आणि कोंकणी यांच्याकडेच आहेत.